गादीशेठनं बसवलेली सीट

गल्लीतले सगळे त्याला गादीशेठ म्हणत. खरं तर शेठ म्हणावं असं त्याच्याकडे पोटाशिवाय काहीच नव्हतं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. तिच्यात छतापर्यंत रचलेले फोमचे थर, रेक्झिनच्या गुंडाळ्या, एक शिलाई मशीन, आणि उरलेल्या जागेत कसाबसा मावणारा शेठ. वरच्या मजल्यावर घर. सोफे, ऑफिसातल्या खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, केशकर्तनालयातल्या फिरत्या खुर्च्या, माणसाच्या बुडाखाली येणारं जे जे म्हणून असतं ते सगळं त्याच्या हाताखालून जाई. काम तो मनापासून करी. वेळेवर मात्र करीत नसे. ‘उद्या देतो’ हे दोन शब्द त्यानं इतक्या वेळा वापरले होते की गिऱ्हाइकांना त्यांचा अर्थ पाठ झाला होता, आणि ज्यांना घाई असे ते दुकानाच्या पायरीवर येऊन भांडत आणि काम करून घेऊन जात.

त्याची एक पद्धत होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. गादी तयार झाली की तो समोरच्या टपरीवरून चहा मागवी, गादीवर ऐसपैस बसे आणि तो चहा सावकाश पिई. पेला रिकामा होईपर्यंत एकदा जरी चुळबूळ करावीशी वाटली तर गादी नापास. मग पुन्हा सगळं उसवायचं. गिऱ्हाईक समोर उभं राहून ही परीक्षा बघे आणि गादी पास झाली की खूश होऊन जाई. परीक्षा घेणारं बूड दर वेळी तेच, हे काही कुणाच्या डोक्यात येत नसे. शेठला जे पेलेल ते कुणालाही पेलेल, असा सगळ्यांचा साधा हिशोब होता.

शेठची बायको अंगानं बारीक आणि उंचीनं त्याच्या खांद्याच्याही खाली. ती गाडी चालवायची. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा बाईनं गुपचूप ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. हे कळल्यावर शेठ गल्लीत उभा राहून हसला होता. “अगं, पाय तरी पोचतील का तुझे?” असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं. ती शिकली, लायसन्स काढलं, स्वतःच्या साठवणीतून एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि एके दिवशी ती गल्लीत आणून, मागे घेत घेत, दोन स्कूटरींच्या मधे अशी अलगद लावली की समोरच्या चावीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. शेठनंही वाजवल्या. पाय पोचण्याचा विषय मग कुणी काढला नाही.

गाडी तिनं कामाला लावली. ज्यांना एकट्यानं बाहेर पडवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना ती ने-आण करी. कुणाला डोळ्यांच्या दवाखान्यात, कुणाला बँकेत, कुणाला नुसतंच बागेत. ती दारापर्यंत जाऊन हात धरून आणी, डॉक्टरांकडे फाइल घेऊन बसे, औषधं आणून देई. लोक तिला ड्रायव्हरताई म्हणू लागले. गुडघ्याच्या व्यायामाला जाणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, त्यांना तर तिच्याशिवाय दुसरी गाडी चालतच नसे. घरी आल्यावर ती कुणाचा मोतीबिंदू निघाला, कुणाचा मुलगा आला नाही, हे सांगत बसे. शेठ अर्धं ऐके. पण बायको पूर्वीपेक्षा जास्त बोलते, जास्त हसते, एवढं त्यालाही कळत होतं.

गाडी जुनी, तिची ड्रायव्हरची सीट त्याहून जुनी. आधीच्या मालकाच्या वेळेपासूनच दाराकडची कड बसलेली. रोज चढता-उतरता ती आणखी बसत गेली आणि शेवटी सीट एका अंगाला कलली. बायको तिच्यावर चादरीची घडी ठेवून बसायची. “वेळ मिळेल तेव्हा माझी सीट बघा हं जरा,” असं तिनं एकदा जेवताना म्हटलं. शेठ म्हणाला, “बघतो.” नंतर पुन्हा एकदा म्हणाली, पुन्हा तो बघतो म्हणाला. ती काही पायरीवर येऊन भांडणारी नव्हती. गिऱ्हाइकांची भांडणं निस्तरता निस्तरता न भांडणाऱ्या माणसाचं काम मागे पडतं, त्याला शेठ तरी काय करणार. असं आपलं शेठचं म्हणणं.

मग एका सकाळी चावीवाल्यानं समोरून हाक मारली. “शेठ, धंदा बदलला की काय?”

“का रे?”

“नाही, परवा मी मोठ्या रस्त्यावरच्या सीट कव्हरच्या दुकानात कुलूप उघडायला गेलो होतो. तिथे वहिनी गाडीच्या सीटचं विचारत होत्या. म्हटलं, शेठ आता गाद्या बनवत नाहीत वाटतं. सांगा हो, चाव्या बनवणार असाल तर मी दुकान आवरतो.”

टपरीवर तीन-चार जण होते, ते खो खो हसले. शेठही हसला, पण त्याचे कान तापले. गादीवाल्याची बायको परक्या दुकानात गादीचं विचारत फिरते, आणि ते चावीवाल्याला आधी कळतं. जिना चढता चढता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटली की शेठला राग येई. त्याच्या अंगात लाजेला दुसरी वाटच नव्हती.

बायको भाजी निवडत होती.

“तू त्या सीटवाल्याकडे गेली होतीस?”

“हो.”

“आणि मी काय मेलोय?”

“असं काय बोलता. तुम्हाला वेळ नसतो ना. म्हटलं, उगाच तुमच्यामागे कशाला कटकट.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर तरी देता येतं. शेठ खिडकीशी गेला आणि खाली गल्लीत ओरडला, “येत्या सुट्टीला सगळ्यांनी यायचं. तुमच्या वहिनीच्या गाडीला अशी सीट बसवतो की त्या सीटवाल्यानं इथे येऊन शिकून जावं.”

“अहो, लोकांना कशाला बोलावता?” बायको मागून म्हणाली. पण तोवर चावीवाल्यानं खालून “येतो” म्हणून सांगितलं होतं.

सुट्टीच्या दिवशी शेठनं गाडीचं दार सताड उघडलं, पान्यानं सीटचे बोल्ट सैल केले आणि सीट उचलून गल्लीत पोत्यावर ठेवली. गाडीच्या सीटला त्यानं आजवर हात लावला नव्हता, पण सोफा काय आणि सीट काय, असा त्याचा तोरा होता. कव्हर फोमला आवळून धरणाऱ्या तारेच्या कड्या त्यानं पकडीनं एकेक तोडल्या. बघ्यांना तो काय काय करतोय ते सांगत होता, मधूनच मोटारी बनवणाऱ्यांच्या अकलेवर दोन शब्द बोलत होता. लोक हसत होते. मग त्यानं कव्हर सोलून काढलं आणि त्याची टकळी थांबली.

आतला फोम पिवळा पडून पिठासारखा गळत होता. दाराकडच्या बाजूला तर तो उरलाच नव्हता. तिथे खालच्या सांगाड्याची एक तार तुटून तिचं टोक सरळ वर आलं होतं. त्या टोकावर गोधडीच्या तुकड्याची जाड घडी बसवली होती आणि ती काळ्या दोऱ्यानं मोठे मोठे टाके घालून शिवली होती. टाके वाकडेतिकडे होते, ज्याला शिवता येत नाही आणि जागाही अडचणीची आहे अशा माणसाचे. घडीच्या कडेला एक वाकडी सुई खोचलेली राहून गेली होती.

ती सुई त्यानं ओळखली. सोफ्याचे कोपरे शिवायची त्याची आवडती सुई. ती हरवली म्हणून त्यानं दुकान उलथंपालथं केलं होतं आणि चावीवाल्यावर आळ घेतला होता. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे तार टोचायला लागल्यावर बायकोनं त्याच्याच दुकानातून सुई उचलून, गाडी कुठेतरी कडेला लावून, कव्हराखालून हात घालून, स्वतःच ही मलमपट्टी केली होती. किती दिवस टोचत होती कुणास ठाऊक. एकाच इमारतीत खाली गादीवाला आणि वर त्याची बायको, आणि मधल्या जिन्यावरून ही गोष्ट कधी खाली आलीच नाही.

शेठला मान वर करवेना. सुई त्यानं हळूच खिशात टाकली. चावीवाला समोरच उभा होता, त्याला ती दाखवून चूक कबूल करायची ही चांगली वेळ होती, पण शेठनं ती वेळ मारून नेली. “उंदीर शिरलेत वाटतं,” असं काहीतरी तो म्हणाला आणि घडी पटकन कचऱ्यात फेकली.

मग भरपाई सुरू झाली. एका दवाखान्याच्या बाकांसाठी राखून ठेवलेला सगळ्यात कडक फोम त्यानं खाली काढला. “हा जन्मात दबायचा नाही,” तो म्हणाला. जितकी लाज वाटली होती तितका जाड तुकडा त्यानं कापला. दाराकडची कड आणखी उचलून घेतली. तुटलेली तार वाकवून बांधली, वर जाड कापड टाकलं, सोल्यूशन लावून थर चिकटवले. काम त्यानं झकास केलं यात वाद नाही. कडा अशा सरळ आल्या होत्या की हात फिरवावासा वाटावा.

बायको हात पुसत खाली आली. “मी बसून बघू का जरा, कव्हर चढवायच्या आधी?”

“थांब गं. आधी परीक्षा होऊ दे.”

चहा आला. शेठ गल्लीच्या मध्यावर त्या सीटवर बसला, पाय लांब केले आणि घोट घोट चहा प्यायला. त्याच्या वजनाखाली तो कडक फोम हवा तेवढाच दबला. लोक मजा बघत होते. बायको पायरीवर उभी होती. पेला रिकामा झाला, शेठ एकदाही हलला नाही, आणि चावीवाल्यानंच हात वर करून जाहीर केलं, “पास.”

कव्हर चढलं, नव्या कड्या आवळल्या, सीट गाडीत बसली. “या ड्रायव्हरताई,” शेठ दार धरून म्हणाला.

ती बसली. आधी तिनं सीट पुढे ओढली, मग आणखी थोडी ओढली, शेवटी सीट पुढे सरकायची थांबली. गल्ली बघत होती.

“कसं वाटतंय?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. “छान आहे.”

“नुसतं छान?”

“खूप छान झालीये. एकदम भक्कम.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती सीटच्या टोकाशी बसली होती, पाठ टेकलेली नव्हती, आणि डावा पाय क्लचकडे ताणलेला होता. शेठ नंतर स्वतःशी म्हणत राहिला की आपल्याला हे दिसलं नाही. दिसलं होतं. पण टाळ्या वाजत होत्या.

पुढचे काही आठवडे तो त्या टाळ्यांवर जगला. दुकानात येणाऱ्याला सीटची गोष्ट सांगे. त्याच दिवसांत बायकोनं जाड तळाच्या, चांगल्या उंच सँडल घेतल्या आणि गाडी चालवताना त्या घालू लागली. शेठनं चावीवाल्यासमोर तिची थट्टा केली, “या वयात हिरॉईन व्हायचंय बाईंना.” ती कसंनुसं हसली आणि निघून गेली. एके दिवशी गाडीचं नाक चेपलेलं दिसलं. ती म्हणाली, एक स्कूटरवाला मागे येताना धडकला. शेठनं संध्याकाळभर जगातल्या सगळ्या स्कूटरवाल्यांचा उद्धार केला. बाहेरून आली की ती आता फरशीवर पाठ टेकून पडून राही. म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगणं बंद झालं होतं. तो विचारी, “काय झालं?” ती म्हणे, “वय झालं.” तिच्यापेक्षा आपण मोठे, मग आपलं का नाही झालं, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता.

आणि मग एका दुपारी मास्तरीणबाई रिक्षातून उतरल्या आणि काठी टेकत दुकानात आल्या.

“एक उशी करून हवी,” त्या म्हणाल्या. “पाठीला लावायची. चांगली जाड. गाडीत ड्रायव्हरच्या पाठीला लागेल अशी.”

“तुम्ही गाडी शिकताय?” शेठनं गंमत केली.

“मी नाही. तुमच्या बायकोसाठी. पाठीला आधार मिळाला तर मन बदलेल म्हटलं, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ती नाहीच म्हणते ना.”

“नाही म्हणजे?”

“दुसरी गाडी बघा म्हणून सांगितलंय तिनं आम्हाला सगळ्यांना. गाडी विकून टाकणार म्हणते.” गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत नाही?”

शेठच्या हातातली खडूची कांडी मोडली. “नाही.”

“अहो, मी तिच्या शेजारी बसते. सीट इतकी उंच आणि दगडासारखी आहे की ती नुसत्या टोकावर बसते, पाठ कुठे टेकतच नाही. पाय खाली जात नाही म्हणून त्या उंच सँडल. त्या सँडलनं तिला ब्रेक कळत नाही. परवा सिग्नलला उशिरा लागला आणि पुढच्या स्कूटरला आम्ही धडकलो. कुणाला लागलं नाही, पण ती नंतर कितीतरी वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली होती. म्हणाली, बाई, तुमच्यासारखी माणसं गाडीत असताना असं झालं, आता मला नको हे.”

“मला काही बोलली नाही.”

“मी म्हटलं तिला, नवऱ्याला सांग, त्यांचं तर कामच आहे. तर म्हणाली, नको, त्यांनी फार हौसेनं केलीये, सगळ्या गल्लीसमोर. आणि म्हणाली, पाय पोचत नाहीत हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू. आता हे काय उत्तर झालं? मला तर काही कळलं नाही.”

मास्तरीणबाईंना कळलं नव्हतं. शेठला कळलं. त्याला आपलंच हसू ऐकू आलं, गल्लीत उभं राहून हसलेलं. तो मटकन फोमच्या थरावर बसला.

“मी बोलले म्हणून सांगू नका हं,” मास्तरीणबाई जाताना म्हणाल्या. “उशीचं मात्र लवकर बघा.”

गाडी ही बायकोची एकुलती एक स्वतःची गोष्ट. ती त्यानं तिच्या हातातून काढून घेतली होती, तीही टाळ्यांच्या गजरात. आणि ती सोडून द्यायला निघाली होती, कशासाठी, तर नवऱ्याची शेखी चारचौघांत उघडी पडू नये म्हणून. या वेळी राग आला नाही. लाजेला रागाची वाट सापडली नाही, ती अंगातच राहिली आणि त्याला गरम होऊ लागलं.

पण इतक्या लाजेतही माणूस स्वतःला वाचवायचं बघतोच. बायको वर घरात पडून होती. चावीवाला जेवून पेंगत होता. शेठनं ठरवलं की आत्ताच गुपचूप सीट काढायची, फोम कापून बसका करायचा आणि कव्हर होतं तसं चढवायचं. ती उद्या बसेल, सीट आपोआप दबली असं तिला वाटेल, कुणालाही काही कळणार नाही. त्यानं खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली, लांब सुरी घेतली, सीट काढून सावलीत आणली आणि कव्हर उतरवलं.

सुरी फोमवर ठेवली आणि हात थांबला. किती कापायचं? दोन बोटं? चार बोटं? पुढची कड किती उतरवायची? तो स्वतः बसून बघायला लागला आणि अर्ध्यातच उठला. बायको बसली की तिचा गुडघा कुठे येतो, तिची पाठ किती खोल जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं. सोफ्याला नाकं मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांची मापं त्याला तोंडपाठ होती. आणि जिच्याबरोबर सगळं आयुष्य गेलं तिच्या पायाची उंची विचारायला तिलाच खाली बोलवावं लागणार होतं. दिवसाढवळ्या, गल्लीत.

तो जिना चढला. ती फरशीवर डोळे उघडे ठेवून पडली होती.

“जरा खाली येतेस?”

“का हो?”

“सीट चुकलीये माझी.”

ती घाईनं उठून बसली. “काही चुकली नाहीये. छान आहे की. मास्तरीणबाई काही बोलल्या का?”

“नाही,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “मला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी. तुझी पाठ टेकली नव्हती. पाय ताणलेला होता. सगळं दिसलं होतं मला.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. “मग?”

“मग काही नाही. लोक होते.”

तो आणखी काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. पण आणखी काही नव्हतंच, एवढंच होतं. ती उठली आणि दाराशी जाऊन त्या उंच सँडल पायात घालू लागली.

“त्या नको,” शेठ म्हणाला. “तुझ्या नेहमीच्या चपला घाल.”

खाली चावीवाला जागा झाला होता आणि उघड्या सीटकडे टक लावून बघत होता. “काय शेठ? पास झालेली सीट ना ही?”

काहीतरी थट्टेचं बोलून निभावता आलं असतं. शेठच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं तयारही होती.

“नापास आहे,” तो म्हणाला. “गाडी ती चालवते आणि परीक्षेला मी बसलो. माझ्या बुडाच्या मापानं केली मी ही. तिचे आतापर्यंत हाल झाले.” आणि मग, सुरुवात झालीच आहे तर, म्हणून त्या दिवसापासून गल्ल्यात दडवलेली सुई आणून त्यानं चावीवाल्यासमोर धरली. “ही पण सापडली. तू घेतली नव्हतीस.”

चावीवाल्यानं सुई हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. टपरीवरचे दोघं इकडे बघत होते, ते दुसरीकडे बघायला लागले. शेठला वाटलं, हसले असते तर सोपं गेलं असतं.

त्यानं सीट कव्हराशिवायच गाडीत ठेवली आणि बायकोला बसवलं. मग तो दाराशी रस्त्यावर गुडघे टेकून बसला, पोट सावरत, आणि तिच्या पायांकडे बघू लागला.

“टेकतो पाय?”

“हो, टेकतो.”

“नीट सांग.”

“टाच नाही टेकत,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, जणू चोरी तिनंच केली होती.

सीट बाहेर आली, एक थर गेला, सीट आत गेली. “आता?”

“टाच टेकते. पण पुढची कड मांडीला लागते.”

पुन्हा बाहेर. त्यानं कड तिरपी उतरवली. वरच्या बाजूला कडक फोम काढून मऊ घातला. सीट आत-बाहेर होत राहिली, शेठ घामाघूम झाला, गुडघे दुखायला लागले. दर वेळी ती बसे आणि आधीपेक्षा थोडं मोठ्यानं सांगे. इथे खड्डा वाटतो. हे उजवीकडे जास्त झालं. नाही, आणखी थोडं काढा. तो मुकाट्यानं कापत गेला. थरागणिक त्याला नव्यानं लाज वाटत होती, कारण एकही तक्रार अवघड नव्हती. प्रत्येक तक्रार दुसऱ्या कुणाचीही असती तर त्यानं चहा संपायच्या आत मिटवली असती.

शेवटी ती मागे सरली आणि तिची पाठ टेकली. साध्या चपलेतला पाय क्लचवर ठेवून तिनं तो पार खालपर्यंत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग डोळे मिटून नुसती बसली. आता आपल्याला रडू येणार, असं शेठला वाटलं. लोक बघतील याचं त्याला आता काही नव्हतं. पण आपण रडलो तर समजूत तिलाच काढावी लागेल, म्हणून त्यानं ते गिळलं.

“उद्या मास्तरीणबाईंना मीच नेते,” ती म्हणाली. “फोन करून सांगते सगळ्यांना.”

“हो. सांग,” शेठ म्हणाला. त्याला एवढं बरं वाटलं की त्याचा जुना तोरा थोडासा परत आला. “आणि अजून काही असेल तर आत्ताच बोल. सुरी हातात आहे तोवर.”

तो सीटबद्दल बोलत होता. ती समोरच्या काचेतून बघत विचार करत राहिली.

“ओटा उंच आहे,” ती म्हणाली.

“कुठला ओटा?”

“आपला. स्वयंपाकाचा.”

घर नवं घेतलं तेव्हा गवंड्यानं विचारलं होतं, ओटा केवढा उंच घेऊ. शेठनं त्याच्यासमोर ताठ उभं राहून, स्वतःच्या कमरेशी तळहात आडवा धरून दाखवला होता. ओट्याशी एक लाकडी फळी कायम पडलेली असे. पाणी प्यायला गेलं की ती पायात येई आणि तो ती पायानं बाजूला सारी. ‘ही फळी मधेच कशाला ठेवतेस’, असं तो तिच्यावर करवादलाही होता, एकदा नाही, अनेकदा. ती फळी पुन्हा जागेवर ओढून घेई, तिच्यावर चढे आणि स्वयंपाकाला लागे. फळीवर ती उभी असलेली त्यानं रोज पाहिली होती.

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस’, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. ते विचारायची त्याला लाज वाटली. तो रस्त्यावर गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, आणि ती हात वर करून मागचा आरसा आपल्या उंचीला लावून घेऊ लागली.